टोमाशच्या बेटावरचा बुडखा

सोमवार, १० सप्टेंबर २००७

अ‍ॅबी,

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. पोस्टमन म्हणाला, "डिनी, अमेरिकेहून जाडजूड आलंय, कुणी गेलं की काय?" मी म्हटलं, तू तुझी सायकल सांभाळ. दर नाताळला तुझं कार्ड येतं, त्यावर तुझी सही असते आणि बाकी कोरं. त्रेपन्न वर्षांत ही पहिलीच चार पानं. तीन वेळा वाचली, चष्मा पुसून पुसून.

पोटातल्या त्या दुखण्याचं वाचलं आणि खुर्ची ओढून बसलो. एकाहत्तर म्हणजे काही फार नाही गं. मी पंच्याहत्तरचा आहे आणि अजून स्वतःची लाकडं स्वतः फोडतो. तुझ्या पोरीने, मॉरीनने, सात ऑक्टोबरचं तिकीट काढलं म्हणतेस. मी कॉर्कच्या विमानतळावर यायचं. आणि जे काही व्हायचं ते इथेच होऊ दे, आई-बाबांच्या शेजारी मला ठेव, "जिथे तू माझ्या बाळाला हलवून ठेवलंस तिथे, त्याच्या अंगाशी." हे तुझेच शब्द. हे वाक्य मी तीनपेक्षा जास्त वेळा वाचलं.

घाई करू नकोस एवढंच सांगतो. ऑक्टोबरात इथे काय असतं ते तू विसरली असशील. दफनभूमीची भिंत एका बाजूने खचलीय. माझ्या घरात वरची खोली ओली आहे. वसंतात ये ना. वसंतात सगळं ठीकठाक करून ठेवतो.

एक बातमी आहे. धरणाच्या दरवाजांची दुरुस्ती काढलीय, म्हणून तलावाचं पाणी पार खाली नेलंय. छप्पन्न साली भरल्यापासून इतकं कधी उतरलं नव्हतं. नदीतल्या बेटांवरचं आपलं जंगल, आपली गीरा, सगळी उघडी पडलीय. रस्ता दिसतो, पूल दिसतो, आणि तोडलेल्या झाडांचे बुडखे. जिकडे बघावं तिकडे काळे बुडखे, हजारोंनी. विजेसाठी आपलं जंगल आधी तोडलं, मग बुडवलं, आणि आता त्याच पाण्याला राखीव निसर्गक्षेत्र म्हणून पाटी लावलीय. पाटीवर लिहिलंय, फुलं तोडू नका. मला हसावं की काय करावं कळेना. आपल्या घराचा चुलीचा दगड जागेवर आहे. त्यावर एक बगळा उभा होता, घरमालक असल्यासारखा.

अकरा ऑक्टोबरला दुपारी बारा वाजता दरवाजे पुन्हा बंद करणार. मग परत पाणीच पाणी.

औषधं वेळेवर घे.

डिनी

शनिवार, १५ सप्टेंबर

अ‍ॅबी,

तुझं उत्तर यायच्या आतच दुसरं लिहितोय. फोन करायला हवा, पण फोनवर माझं तोंड उघडत नाही. आणि डाव्या कानाने आता काही ऐकूही येत नाही.

मी विचार करत होतो. तुझा नवरा पॅट तिकडे वुस्टरला पुरलेला आहे. तू इकडे आलीस तर तो बिचारा एकटा पडेल. मॉरीनलाही फुलं वाहायला समुद्र ओलांडून यावं लागेल. बायकोने नवऱ्याशेजारी असावं हेच बरं दिसतं. लोक काय म्हणतील असंही नाही, आता इथे आपल्याला ओळखणारं उरलंय कोण. पण विचार कर.

मी सध्या रोज खाली गीरात जातो. फिरायला. परवा टोमाशच्या बेटावर राखीव क्षेत्राच्या बाईने मला पकडलं. ऑर्ला नाव तिचं, तिशीची असेल, गळ्यात दुर्बीण. माझ्या हातात फावडं.

"काका, इथे खणायला बंदी आहे."

"खणत कुठे होतो. टेकायला आणलंय."

"फावडं?"

"काठी मोडली."

"मग हा खड्डा?"

"बाबांच्या होडीची साखळी पडली होती इथे. चांगली साखळी होती."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला शाळेतले मास्तर आठवले. मग थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाली, "काका, या चिखलात रुतलात तर तुम्हाला काढायला दोन ट्रॅक्टर लागतील. उद्यापासून माझ्याबरोबर चालायचं."

टोमाशचं बेट तुला आठवत असेलच. आठवायचं कसं नाही. बाप्तिस्म्याआधी गेलेली पोरं तिथे पुरायचे. घरातल्या पुरुषाने न्यायची, सूर्य वर यायच्या आत, आणि बाईने पाठोपाठ यायचं नाही. ना पाद्री, ना पाटी. देवळाजवळच्या मातीत त्यांना जागा नव्हती, कारण त्यांना स्वर्गातही जागा नव्हती. रोमच्या विद्वानांनी यंदा म्हणे जाहीर केलं, की असल्या बाळांच्या बाबतीतही आशा धरायला हरकत नाही. हरकत नाही म्हणे. बेटावर निदान चाळीसेक असतील. त्यांना कुणीतरी जाऊन कळवायला हवं.

तुझं आता तिथे नाहीच म्हणा.

डिनी

गुरुवार, २० सप्टेंबर

अ‍ॅबी,

माझं पत्र मिळाल्या मिळाल्या तू मॉरीनकरवी फोनवर निरोप दिलास, तो काल ऐकला. "पॅट समजून घेईल. मी येते आहे." बास, दोन वाक्यं. तू लहानपणीही अशीच होतीस. एकदा नाही म्हटलं की बाबांचा पट्टासुद्धा तुला हो म्हणवू शकत नव्हता.

मग मला सांगायलाच हवं. आता सांगितलं नाही तर तू येशील, उद्या-परवा डोळे मिटशील, आणि मी तुला एका रिकाम्या जागेशेजारी झोपवीन.

तुझं बाळ तिथे नाही. आई-बाबांच्या शेजारी कुणीही नाही, अ‍ॅबी. मी त्याला हलवलं नाही. चोपन्नच्या नोव्हेंबरात तुला लिहिलं ते पत्र धडधडीत खोटं होतं.

तू जुलैत गेलीस तेव्हा धक्क्यावर माझी बाही धरून म्हणालीस, पाणी यायच्या आत त्याला वर आण, कुठेही ठेव पण पाण्याखाली ठेवू नकोस. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. शरदात लाकूडतोड्यांची टोळी आली. करवती, साखळ्या, ओढायची यंत्रं. ती एकेक बेट साफ करत आपल्या बाजूला सरकायला लागली. टोमाशच्या बेटावर यायला त्यांना आठवडा उरला तेव्हा मी पहाटे फावडं घेऊन गेलो. ज्या ओकखाली त्याला पुरलं होतं त्याच्या मुळाशी बसलो. फावडं मांडीवर होतं. सूर्य वर आला तरी तसाच बसलो. माझ्याने ते उघडवलं नाही. काय दिसेल या भीतीने उघडवलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो, तेच. चौथ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन गेलो आणि तो ओक मीच पाडला. टोळीने यंत्राने ओढला असता तर मुळं उपटली असती आणि खालचं सगळं वर आलं असतं. एवढंच माझ्याकडून झालं. त्या सबंध जंगलात मी पाडलेलं तेवढं एकच झाड.

मग घरी येऊन तुला लिहिलं, हलवलं, आता काळजी करू नकोस. तू तिकडे एकटी, कुणाची तरी भांडी घासत होतीस. वाटलं, एवढं तरी सुख तुला मिळू दे. दोन वर्षांनी पाणी आलं.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मी स्वतःला ते रोज म्हणतोय. पण पाणी उतरलंय, अ‍ॅबी. तीन आठवडे आहेत. मी त्याला शोधतो. तू यायच्या आत त्याला शोधून आई-बाबांच्या शेजारी आणतो. या वेळी खरंच आणतो.

डिनी

शुक्रवार, २८ सप्टेंबर

अ‍ॅबी,

काल मॉरीनचा फोन आला. म्हणाली, "मामा, आईने पत्र वाचलं आणि भिंतीकडे तोंड करून पडलीय. जेवत नाही. पत्रात होतं काय?" मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. ती म्हणाली, "तिने एवढंच सांगितलं, की मी आता जाणार नाही." 

येऊ नकोस, ठीक आहे. मला शिव्या दे. पण मी काय केलं ते वाच.

चार दिवस मी बुडखे बघत फिरलो. बेट आता बेट राहिलेलं नाही, सगळा एकच काळा चिखल आहे. कुठला ओढा कुठे होता कळत नाही. आणि बुडखे सगळे सारखे. शेवटी ऑर्लाला खरं सांगितलं. सगळं नाही, पुष्कळसं. ती खाली बसली चिखलातच. मग म्हणाली, "काका, तुम्ही कुऱ्हाडीने पाडला आणि बाकीचे करवतीने. मग वेगळा दिसायला हवा ना?"

मूर्ख म्हातारा मी, तिला सुचलं ते मला सुचलं नाही. करवतीचा बुडखा सपाट असतो. कुऱ्हाडीला खाच लागते. आणि मी डावखुरा. उजव्या हाताच्या माणसाची खाच एका अंगाला उतरते, माझी दुसऱ्या. मग मी तेच शोधायला लागलो. मंगळवारी सापडला. पाण्यात राहून दगडासारखा काळा आणि कठीण झालाय, पण खाच तशीच आहे, बावीस वर्षांच्या डिनीच्या हातची. मी तिच्यात बोटं घातली. माझा तोल गेला, ऑर्लाने धरलं.

ती म्हणाली, "इथे खणलेलं मी पाहिलं तर मला वर कळवावं लागेल. मी अर्धा तास पलीकडे पक्षी मोजते." आणि तिचं खुरपं चिखलात टाकून गेली. अर्धा तास म्हणाली आणि दोन तास मोजले तिने. इतके पक्षी नाहीत गं इथे.

अ‍ॅबी, काही नाही. मी गुडघाभर खणलं, मग कमरेइतकं. हाताने चिखल चाळला. लोण्याच्या खोक्यात ठेवलं होतं ना त्याला, त्याचे म्हणावेत असे दोन खिळे मिळाले. खिळे कुणाचेही असतात. हाड नाही, कापडाची चिंधी नाही. इथले पाद्री, फादर मोइनिहन, म्हणतात एवढी कोवळी हाडं या मातीत दहा वर्षंही टिकत नाहीत. मी चाळत राहिलो. ऑर्ला परत आली तेव्हा मी लहान पोरासारखा रडत होतो आणि तिने मला उचलून उभं केलं, खरंच उचलून.

तुझ्याशेजारी ठेवायला माझ्याकडे काहीच नाही. आता मी काय करू ते तूच सांग. शिवी दे, पण सांग.

डिनी

बुधवार, ३ ऑक्टोबर

अ‍ॅबी,

हे मी टपालात टाकणार नाही. मॉरीनचा फोन आलाय की तू येतेस. कालपर्यंत येत नव्हतीस, आज येतेस. उठून बॅग भरायला लागलीस, एवढं तिने सांगितलं. मला आनंद व्हायला हवा. पण माझी पाचावर धारण बसलीय.

कारण मी अजून सगळं सांगितलेलं नाही. आज फादर मोइनिहनकडे गेलो होतो. म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याची एक शंका आहे. फादर म्हणाले, "त्या माणसाला म्हणावं बस, चहा घे." मी शंका विचारली. त्यांनी उत्तर दिलं. दोन वाक्यांत दिलं, बिस्किट खात खात. आणि मी तिथून घरापर्यंत कसा आलो ते मला आठवत नाही.

असलं पत्रात लिहायचं नसतं. तू आलीस की समोर बसवून सांगेन.

डिनी

बुधवार, १० ऑक्टोबर

अ‍ॅबी,

तू भिंतीपलीकडे आहेस आणि मी इकडे स्वयंपाकघरात तुला पत्र लिहितोय. कुणी बघितलं तर म्हणेल दोघांचीही डोकी फिरलीत.

विमानतळावर तू म्हणालीस, "गाडी कुठे आहे?" त्यानंतर तीन दिवस एक शब्द नाही. ऑर्ला आली तर तिला पोरी म्हणतेस, तिचा हात हातात घेतेस. मी चहा ठेवला की तू खिडकीबाहेर बघतेस. मी चारदा तुझ्या दारापर्यंत आलो. काल हात वर केला ठोठावायला आणि खाली घेतला. समोर बसवून सांगणार होतो. नाही जमत. म्हणून हे दाराखालून सरकवतोय. उद्या बाराला दरवाजे बंद होतील, त्याआधी तुला हे कळायला हवं.

ते मेलेलं नव्हतं, अ‍ॅबी.

बाळंतपणाला आलेल्या बिडी मावशीने तुला सांगितलं की ते मेलेलंच जन्मलं. ती खोटं बोलली नाही, तिला तसंच वाटलं. निळं पडलं होतं, हलत नव्हतं. तिने पिठाच्या पिशवीच्या कापडात गुंडाळलं, खोक्यात घातलं, मागच्या दाराने माझ्या हातात दिलं. म्हणाली, उजाडतंय, लवकर जा. बाबा धक्क्यावर पाठ करून उभे होते. धरणाच्या मोजणीवाल्यांचा तो पट्टी धरणारा पोऱ्या, तुला दिवस गेल्याचं कळताच, डब्लिनला पळून गेल्यापासून ते तुझ्याकडे असेच पाठ करून असायचे. मी होडी सोडली.

मधल्या धारेत गेलो आणि खोक्यात हालचाल झाली. आणि ते रडलं. एकदाच. मी वल्हं टाकलं, त्याला बाहेर काढून उजव्या हातात धरलं. डोळे उघडे होते.

होडी वळवायला हवी होती. घर दोनशे हात मागे होतं. तू पहिलं हेच विचारशील, म्हणून पहिलं हेच सांगतो. मी वळवली नाही. एक क्षण माझ्या मनात आलं, की हे गेलं तर सगळेच सुटतील. तू, बाबा, मी. एकच क्षण, पण आलं. खोटं बोलायचा मला आता वीट आलाय, म्हणून लिहितो. मग मी घाबरलो, स्वतःलाच घाबरलो, आणि वल्ह्याकडे बघितलं तर ते वाहून लांब गेलं होतं. होडी गोल फिरायला लागली. त्याचा श्वास तुटत होता.

शाळेत आपल्या सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं ना, पाद्री नसेल आणि जीव जात असेल तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. पाणी आणि शब्द, बस. पाणी तर चहूकडे होतं. मी डावा तळवा खोलगट केला, नदीतून पाणी घेतलं, त्याच्या कपाळावर तीन वेळा ओतलं आणि शब्द म्हटले. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. सगळे म्हटले, एकही चुकलो नाही. आणखी पाव तास ते माझ्या हातात होतं. शांत होतं. मी त्याच्याशी बोललो. काय बोललो ते विचारू नकोस, होडीबद्दल काहीतरी बोललो. मग गेलं. होडी वाहत वाहत बेटाला लागली तेव्हा सूर्य वर आला होता.

आणि मग मला हात आठवला. डावा हात. मास्तर माझा डावा हात बाकाला बांधून ठेवायचे, तुझ्यासमोर. डाव्या हाताने क्रूस केला की आई फटका मारायची, म्हणायची सैतानाचा हात तो. आणि मी त्याच हाताने बाप्तिस्मा दिला होता. उजव्यात बाळ होतं, दुसरा हात होता कुठे. पण तो लागू नसणार, अशी माझी खात्रीच झाली. नुसता लागू नसणार असं नाही, उलटा लागला असेल. मीच त्याचं काहीतरी वाईट केलं असेल. मग कुणाला काय सांगणार. सांगितलं तर विचारतील, जिवंत होतं तर परत का नाही आणलंस. मी ओकखाली खड्डा खणला आणि त्याला त्या सगळ्या बिननावाच्या पोरांत ठेवून आलो. नोव्हेंबरात फावडं का चालवता आलं नाही, ते आता तुला कळलं असेल.

गेल्या बुधवारी फादर मोइनिहनना विचारलं. म्हणाले, "पाणी होतं? शब्द बरोबर होते? मग झाला बाप्तिस्मा. हात कुठला हे देव कशाला बघतोय, तो काय शाळामास्तर आहे?" आणि दुसरं बिस्किट घेतलं.

त्रेपन्न वर्षं, अ‍ॅबी. पहिल्या दिवसापासून त्याचा हक्क होता देवळाजवळच्या मातीवर. दिवसाढवळ्या, पाद्रीसमोर, चार माणसांत, पाटी लावून. तू मागून चालत आली असतीस. तुला कुणी अमेरिकेला हाकललं नसतं असं म्हणत नाही, बाबांना मी ओळखतो. पण तू जाताना मागे वळून बघायला एक जागा असती. ती मी घालवली. एका हाताच्या भीतीने घालवली. आणि आता तिथे दोन खिळे आहेत.

एक गोष्ट मात्र तुझी आहे आणि इतकी वर्षं माझ्याकडे राहिली. बाप्तिस्मा देताना नाव घ्यावं लागतं. तुझ्या बाळाला नाव आहे. नदी ज्या संताची, त्याचंच माझ्या तोंडात आलं. फिन्बार.

उद्या आठ वाजता ऑर्ला तिच्या गाडीने चिखलाच्या कडेपर्यंत नेईल. तिथून बुडखा दहा मिनिटांवर आहे, तिने फळ्या टाकून ठेवल्यात. तू येशील असं मी धरून चाललो नाही. मी दाराशी बसलेला असेन.

डिनी

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, शिसपेन्सिलीने)

डिनी,

खिडकी उघडी होती. मी ते रडणं ऐकलं. पाण्यावरून आलं, एकदाच, आणि एकदम थांबलं. मी बिडीला म्हटलं, ऐकलंस? ती म्हणाली, पाणकोंबडी आहे, झोप. मी अठरा वर्षं त्या नदीवर काढली होती. मला पाणकोंबडी माहीत नव्हती काय?

तू त्याला पाण्यात बुडवून धरलंस, असं मी समजत होते. बाबांनी सांगितलं आणि तू धरलंस, आणि मग नेऊन पुरलंस. त्रेपन्न वर्षं हेच समजत होते. मॉरीन पंचेचाळीस वर्षांची झाली, तिला मामा आहे हे यंदा सांगितलं. त्याच्या अंगाशी मला ठेव म्हणाले, कारण त्याला शेवटी धरणारे तुझे हात होते आणि शेवटचा स्पर्श तोच राहायला मला नको होता. तुझं रिकाम्या जागेचं पत्र आलं तेव्हा वाटलं, हा मरेपर्यंत खोटंच बोलत राहणार. म्हणून तोंडावर विचारायला आले. तीन दिवस विचारवलं नाही. तू हो म्हणालास तर काय करायचं, ते माझं ठरत नव्हतं.

तो एक क्षण तुला माफ करीन की नाही, सांगता येत नाही. तो मलाही आला होता, खाटेवर, ते रडायच्या आधी. हे मी पॅटलाही सांगितलं नाही, कबुलीजबाबातही नाही.

पाव तास तू त्याच्याशी बोललास. काय बोललास ते मला सगळं सांगायचं. होडीबद्दलचंसुद्धा.

फिन्बार. मोठ्याने म्हणून पाहिलं. भिंत पातळ आहे, तुला ऐकू गेलं असेल.

मला कुठे ठेवायचं ते उद्या तिथे बसून ठरवू. आठला नको, सातला निघू. मला तिथे वेळ हवाय. तुझे जुने गमबूट मला मोठे होतील, दोन जोड मोजे काढून ठेव.

अ‍ॅबी